पेन्सिलीचा आकडा

पेन्सिल. सव्वानऊ. १९०/११०.

"जीभ वर करा, देवरावभाऊ."

"थांबा ना जी, सिस्टरबाई. आधी सांगा, किती निघाला?"

"तुम्हाला काय करायचंय? जीभ वर."

"म्हंजे लयच निघाला."

देवराव उरकुडे स्टुलावर बसले होते. एक बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली, मांडीवर खाणीचा टोप पालथा. दवाखान्यात आम्ही दोघंच होतो. डॉक्टर दहाला यायचे. १९९४चा जानेवारी, फिटनेसचा आठवडा. वर्षातून एकदा डॉक्टर कोळसरी खाणीतल्या प्रत्येक माणसाला तपासायचे आणि फॉर्मवर एक शब्द लिहायचे. तो शब्द 'फिट' नसला की माणूस आपल्या कामावरून उठायचा.

देवरावभाऊंचं काम वाइंडिंग इंजिनचं. माणसं भरलेला लोखंडी पिंजरा तारेवरून सव्वाशे मीटर खाली सोडायचा आणि पाळी संपली की वर आणायचा. एक लिव्हर, एक ब्रेक. बावीस वर्षं. पिंजऱ्यात पाण्याचा भरलेला ग्लास ठेवा, खाली जाईपर्यंत थेंब सांडणार नाही, असं लोक सांगायचे. एकदा कुणीतरी खरंच ठेवून पाहिला होता.

"एकशे नव्वद," मी म्हणाले. "खालचा एकशे दहा."

"मागच्या साली?"

"एकशे ऐंशी."

"मंग दहानं काय होते? मले तर काही होत नाही. चक्कर नाही, धाप नाही. डोकं तेवढं ठणकते, थे बी आत्ता आत्ता."

"अनफिट लिहिलं तर काय कराल?"

"लॅम्प रूम." त्यांनी तो शब्द थुंकल्यासारखा टाकला. "खिडकीत बसून लोकायले दिवे वाटाचे. अन् लिव्हरवर कोन? ढुमणे. ढुमणे पिंजरा असा आपटते का जेवन घशात येते. ताजनेभाऊले विचारा ना. रोज जाते थे खाली."

ताजनेभाऊ म्हणजे माझा नवरा, भास्कर. खाणीच्या सर्वे खात्यात होता. ढुमण्याची पाळी असली की संध्याकाळी कमरेवर हात ठेवून घरात शिरायचा. दिवाळीच्या आधी ढुमण्याने पिंजरा तळाला आपटला होता. एकाचा गुडघा गेला, एकाची टाच. भास्कर त्यांच्या शेजारी उभा होता. त्या रात्री तो जेवला नाही. "देवरावभाऊ आहेत तोवर ठीक," एवढंच म्हणाला होता.

मी कपाट उघडून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.

आमच्या दवाखान्याची एक रीत होती. ती मी सुरू केली नव्हती. मी नोकरीला लागले तेव्हा जुन्या सिस्टरने तीन दिवसांत शिकवली, जसं ड्रेसिंग शिकवलं तसंच. पहिला आकडा पेन्सिलीने लिहायचा. जास्त असला तर डब्यातली एक कॅप्सूल काढायची. निफेडिपिन, दहा मिलिग्रॅम, तपकिरी, बोराच्या बीएवढी, आत पिवळं औषध. रुग्णाला जीभ वर करायला सांगायचं, सुईने कॅप्सूल टोचायची, जिभेखाली पिळायची. वीस मिनिटांनी पुन्हा पट्टा बांधायचा. आकडा खाली आलेला असायचा. तो शाईने लिहायचा आणि पेन्सिलीचा खोडरबराने पुसायचा. डॉक्टरांना रीत ठाऊक होती. "सिस्टर, जरा बघून घ्या" म्हणाले की तेच.

"पाणी प्यालात?" मी विचारलं.

"प्यालो."

"सायकल जोरात मारलीत?"

"थंडी किती हाय. जोरातच मारतो मी."

चेहरा तांबूस दिसत होता तो त्यामुळेच, असं मी धरलं.

"जीभ."

त्यांनी जीभ उचलली. मुळाशी पिवळट ओल होती.

"खर्रा खाऊन आलात ना?"

त्यांनी जीभ खाली टाकली. "नाही जी. आज नाही खाल्ला. आईची शपथ."

"मग हे पिवळं काय?"

ते हसले. देवरावभाऊंना खोटं बोलता येत नसे, म्हणून ते हसायचे. त्या गावात तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाणारा माणूस दुर्मिळ होता आणि तपासणीच्या दिवशी प्रत्येकजण आईची शपथ घ्यायचा. मी कापसाने ओल टिपली आणि कॅप्सूल टोचली.

"कडू हाय," ते म्हणाले.

"गोड करून देऊ?"

"तुमच्या हातचं हाय म्हनून पितो, सिस्टरबाई. बायकोच्या हातचं नसतं पेलं."

शाई. नऊ चाळीस. १५०/९०.

डॉक्टर पिंपळशेंडे त्या दिवशी लवकर आले. फॉर्म पाहिला, शाईचा आकडा पाहिला. स्टेथोस्कोप गळ्यात होता, तो तिथेच राहिला.

"उरकुडे, काय म्हणते मशीन?"

"तिचं चांगलं हाय, साहेब."

"आणि तुमचं?"

"तिचं चांगलं तं माहं चांगलं."

डॉक्टर हसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघितलंत ना नीट?"

"हो सर."

त्यांनी शब्द लिहिला. खाली सही.

देवरावभाऊ स्टुलावरून उठले आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

"काय झालं?"

"काही नाही जी. हलकं वाटून रायलं." त्यांनी टोप डोक्यावर ठेवला. "पिंजरा जाऊ द्या, मीच तरंगून रायलो."

"पाणी प्या. थोडं बसा."

"पाळी सुरू झाली ना. लोकं खालीच राह्यतीन."

ते सायकल हातात धरून गेले. सायकलवर बसले नाहीत. मी खिडकीतून ते पाहिलं. पुढच्या माणसाला हाक मारली.

आकडा नाही. अकराला दहा कमी.

हा भाग मी पाहिलेला नाही. भास्करकडून ऐकलेला आहे, आणि त्याने तो इतक्या वेळा सांगितलाय की त्यातल्या विरामांच्या जागासुद्धा मला पाठ आहेत.

सर्वेची माणसं, दोन मिस्त्री, रात्रपाळीचे उरलेले काही. अकरा जण पिंजऱ्यात. घंटी झाली. पिंजरा हलला.

"असा उचलला," भास्कर सांगतो, तळहात सपाट धरून. "काठोकाठ भरलेलं दूध उचलावं तसा. हलकेच."

वर आले. पिंजरा खाणीच्या तोंडाशी नेमका थांबला, एक बोटभरही इकडे नाही तिकडे नाही. ब्रेक लागल्याचा आवाज झाला. दार उघडलं. सगळे उतरले. घंटीवाल्याने पुढची घंटी दिली, इंजिन घरातून उत्तर आलं नाही. पुन्हा दिली. मग तो पायऱ्या चढून गेला.

देवरावभाऊ खुर्चीत बसलेले होते. हनुवटी छातीवर. डावा हात मांडीवर उताणा, उजवा ब्रेकच्या दांड्यावर. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"अकरा माणसं," भास्कर इथे थांबतो. "आधी ब्रेक लावला, मग पडला. असा माणूस."

त्यांना दवाखान्यात आणलं तेव्हा तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मी पट्टा बांधला. पारा खाली येत गेला. येत गेला. ऐंशीवर पहिला ठोका ऐकू आला. खालचा मिळालाच नाही.

मी पेन्सिलीने लिहिलं: ८०.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "ऐंशी कसा असेल? पट्टा ढिला बांधला असणार. हा बीपीचा माणूस. बीपी वाढून नस गेली आहे, दिसत नाही का? चला, गाडी काढा."

पट्टा ढिला नव्हता.

त्यांना चंद्रपूरला नेलं. तिसऱ्या दिवशी गेले. आमच्या रजिस्टरमध्ये शाईने लिहिलं आहे: रक्तदाब वाढल्याने पक्षाघात. अक्षर माझं आहे. ऐंशीचा आकडा खोडताना कागद थोडा फाटला. रजिस्टरमध्ये तो फाटलेला ठिपका अजून असेल.

पेन्सिल. सव्वानऊ, पुन्हा.

मी हे असंही लिहून पाहिलं आहे:

देवरावभाऊ जीभ वर करतात. मी डबा उघडत नाही. म्हणते, "अनफिट." ते मला शिव्या देतात, टोप आपटतात. लॅम्प रूमच्या खिडकीत बसतात. वर्षभर माझ्याशी बोलत नाहीत. ढुमणे लिव्हरवर येतो. एक दिवस पिंजरा आपटतो आणि भास्करचा गुडघा जातो. भास्कर लंगडत घरी येतो आणि म्हणतो, "देवरावभाऊ असते तर."

देवरावभाऊ जिवंत आहेत, खिडकीत.

इथपर्यंत आले की मी खोडते. भास्करच्या गुडघ्यामुळे खोडते, असं स्वतःला सांगते.

शाई. १९९५ ते २०१६.

कामावर असताना माणूस गेला की घरातल्या एकाला खाणीत नोकरी मिळायची. उरकुड्यांची मुलगी तेव्हा लहान होती. नोकरी बायकोला मिळाली. पर्वताबाई उरकुडे, वय एकोणचाळीस, शिक्षण चौथी. कामाची जागा: दवाखाना. पद: आया.

पहिल्या दिवशी त्या हिरव्या काठाची पांढरी साडी नेसून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सिस्टरबाई, मले काही येत नाही. तुमी सांगान तसं करीन."

एकवीस वर्षं त्यांनी तसंच केलं. सकाळी माझ्या आधी यायच्या. भांडी उकळायच्या, पट्ट्या गुंडाळायच्या, चहा टाकायच्या. माझ्या चहात आलं जास्त, साखर अर्धी. बाळंतपणानंतर मी आजारी पडले तेव्हा माझ्या पोराला पाठीशी बांधून त्यांनी फरशी पुसली आहे. फिटनेसच्या आठवड्यात रजिस्टर त्यांच्याकडे जायचं. पेन्सिलीचे आकडे खोडरबराने पुसायचं काम आयाचं होतं. त्या नेटाने पुसायच्या. फुंकर मारून कण उडवायच्या.

दर जानेवारीला भास्कर कुणाला ना कुणाला पिंजऱ्याची गोष्ट सांगायचा. एकदा पर्वताबाई तिळगूळ घेऊन घरी आल्या होत्या. त्यांच्यादेखत त्याने सांगितली. त्या पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ब्रेक तं थे लावनारच." मग उठून माझ्या ओट्यावरची भांडी घासायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या. त्या थांबल्या नाहीत.

१९९७मध्ये मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला नागपूरला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारे डॉक्टर आले. फळ्यावर रक्तवाहिनीचं चित्र काढलं आणि विचारलं, "इथे किती जणांनी जिभेखाली कॅप्सूल पिळली आहे?"

सगळ्यांचे हात वर गेले.

"उद्यापासून बंद," ते म्हणाले. "ज्याचा दाब वर्षानुवर्षं जास्त आहे, त्याच्या मेंदूला त्या दाबाची सवय झालेली असते. तुम्ही तो वीस मिनिटांत खाली पाडता. आकडा चांगला दिसतो. मेंदूपर्यंत रक्त पोचत नाही. नुसता आकडा जास्त आहे, माणसाला काही होत नाही, तर घाई कसली? रोज थोडं औषध द्या, महिनाभरात हळूहळू खाली आणा."

मागून कुणीतरी हसलं. "सर, आम्ही तर शेकड्यांनी दिल्या. काही झालं नाही."

"म्हणूनच कळलं नाही," म्हातारे डॉक्टर म्हणाले.

मी वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे. त्या पानावर एकच शब्द आहे: ऐंशी.

परत आल्यावर डबा कचऱ्याच्या बादलीत पालथा केला. पर्वताबाई झाडू घेऊन आल्या.

"काहून फेकता जी?"

"जुन्या झाल्या."

त्यांनी वाकून एक कॅप्सूल उचलली. खिडकीच्या उजेडात धरली, आरपार पाहिली. मला वाटलं, रंग आवडला असेल. मग त्यांनी ती परत बादलीत टाकली आणि हात साबणाने धुतले. दोनदा.

पेन्सिल. २०४/११८.

हा आकडा पर्वताबाईंचा आहे. ऑगस्ट २०१६. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

तीन वर्षं त्यांना अॅम्लोडिपिन चालू होतं. ते त्याच जातीचं औषध, पण सावकाश चढणारं, दिवसभर टिकणारं. सकाळी गिळायची एक छोटी पांढरी गोळी. नवीन डॉक्टरांनी पाच मिलिग्रॅमपासून सुरू केलं, मग दहा केलं, मग आणखी एक गोळी जोडली. आकडा जागचा हलत नव्हता. लघवीत प्रथिनं जायला लागली होती. त्या सकाळी डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, या औषध घेतात का खरंच? किडनीवर आलंय. असंच चाललं तर वर्ष निघणार नाही."

"घेतात. रोज माझ्या हातून घेतात," मी म्हणाले.

घेत होत्या. माझ्यासमोर तोंडात टाकायच्या, पाणी प्यायच्या, पेला धुवून ठेवायच्या.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर मी पट्ट्यांचं मोठं कपाट उघडलं. बंद पडलेल्या स्टरिलायझरच्या मागे कापसाचा गठ्ठा होता. वजनाला जड लागला. उलगडला. आत गोळ्या होत्या. काही अख्ख्या, काही तोंडात विरघळून कडा गेलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. ओंजळभर.

मी हाक मारली. त्या ओल्या हातांनी आल्या, कापूस पाहिला, आणि खाली फरशीवर बसल्या. मीही बसले.

"हे काय आहे, पर्वताबाई?"

"दिसते ना."

"तीन वर्षं?"

"पयल्या दिवसापासून."

"का? त्रास होत होता? पाय सुजत होते का? या गोळीनं सुजतात कधीकधी. मला सांगायचं होतं, बदलून दिली असती."

"पाय कायचे सुजतीन? गिळलीच नाही तं." त्या हसल्या. देवरावभाऊंसारखंच.

"मग?"

त्या बराच वेळ पदराने हात पुसत राहिल्या. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"मी डॉक्टरले विचारलं होतं. का साहेब, हे कायची गोळी हाय? त्यायनं सांगतलं, पयले एक कॅप्सूल येत होती, हे त्याच घरची, सुधारलेली. म्हटलं, बस्स. माह्या तोंडात नाही जाणार हे."

"कोणती कॅप्सूल?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"सिस्टरबाई, मी तुमाले एक सांगतो. तुमी मले मंग ठेवा नाहीतं हाकलून द्या. चार मयने रायले, तसेच काढीन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्या दिवशी सकाळी थे लय भेले होते. फिटनेस म्हनून. घरच्या डब्यातून एक कॅप्सूल काढली. मागच्या साली सिस्टरनं देल्ली म्हने, घरी असू द्या म्हनून. मले म्हनते, टोच. मी म्हटलं, मले नाही जमत. म्हनते, सोपं हाय, सिस्टर अशीच करते. जीभ वर केली त्यायनं. मी गोधडीच्या सुईनं टोचली. पिवळं पिवळं निघालं. जिभेखाली पिळलं. अर्धं माह्या बोटावर सांडलं. थे म्हने, झालं. सायकल काढली, गेले."

बाहेर कुणीतरी हाका मारून गेलं. आम्ही दोघी उठलो नाही.

"मी कोनाले नाही सांगतलं. पोरीलेही नाही. लोकं म्हनते, बीपीनं गेला, ब्रेक लावून गेला. मी म्हनतो, हो. पन मले मालूम हाय. मी टोचली अन् गेले. चौथी शिकलेली बाई, डॉक्टरी कराले निंघाली. त्याच्यावर पेन्शन खाल्ली, नोकरी खाल्ली. आता त्याच्याच घरची गोळी खाऊन मी जगू? नाही जी."

त्या सकाळी मी तीन प्रश्न विचारले होते. पाणी प्यालात? सायकल जोरात मारलीत? खर्रा खाऊन आलात ना? चौथा विचारला नव्हता: घरी काही घेतलंय का?

जिभेखालची ती पिवळट ओल. आईची शपथ. मी ती कापसाने टिपून काढली होती, दुसरी नीट बसावी म्हणून.

मला गप्प बसता आलं असतं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण ते खरं आहे. समोर बसलेल्या बाईने बावीस वर्षं जे ओझं वाहिलं, ते माझं होतं, आणि ती ते आपलं म्हणत होती. मी नुसतं म्हटलं असतं, 'नाही हो, तसं काही नसतं', तर तिने विश्वास ठेवला नसता. गोळी घेतली नसती. वर्षभरात कागदावर शाईने आणखी एक ओळ आली असती, रक्तदाब वाढल्याने. ती मीच लिहिली असती.

"पर्वताबाई," मी म्हणाले, "ती कॅप्सूल मी दिली होती. घरी ठेवायला."

"मालूम हाय."

"ते नाही. पुढचं ऐका. त्या दिवशी ते इथे आले. या खोलीत. स्टूल तिथे होतं. आकडा जास्त होता. मी त्यांना विचारलं नाही घरी काही घेतलंय का. मी डब्यातली कॅप्सूल काढली. जीभ वर करायला लावली. मी पण टोचली."

त्यांचा पदर हातातच राहिला.

"तुमी?"

"मी."

"माह्या नंतर?"

"तुमच्यानंतर. थोड्याच वेळानं."

त्यांनी उजव्या हाताचं एक बोट उघडलं. मग दुसरं. दोन्ही बोटांकडे पाहत राहिल्या.

"मंग दोन झाल्या," त्या म्हणाल्या.

"हो."

"एकीनं नसतं झालं?"

"माहीत नाही. एकीनं बहुतेकांना काही व्हायचं नाही. दोन कुणालाच द्यायच्या नसतात. खरं तर तशी एकही द्यायची नव्हती. हे मला नंतर कळलं, तीन वर्षांनी. ज्या दिवशी मी डबा फेकला."

"जुन्या झाल्या म्हटलं होतं तुमी."

"खोटं म्हटलं होतं."

त्या उठल्या. मला वाटलं, निघाल्या. त्या मोरीपर्यंत गेल्या, नळ सोडला, हात धुतले. पाठमोऱ्याच बोलल्या.

"इथं आले तवा त्यायचा आकडा किती होता?"

"एकशे नव्वद."

"मले तं दीडशे सांगतला होता डॉक्टरनं. दीडशे होता, अचानक वाढला, म्हने."

"दीडशे शाईचा. एकशे नव्वद पेन्सिलीचा होता."

"अन् पडल्यावर?"

"ऐंशी."

नळ वाहत राहिला. रजिस्टरचे कितीतरी आकडे त्या बाईच्या बोटांनी पुसलेले होते. पेन्सिल म्हणजे काय, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

"वाढून नाही गेले म्हंजे," त्या म्हणाल्या.

"नाही."

"अकरा मानसं वर आनली त्यायनं. डोक्यात रक्त नसताना."

अकरांपैकी एक रोज माझ्या घरी जेवत होता.

त्यांनी नळ बंद केला. टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"द्या."

"काय?"

"गोळी द्या. आजची."

"हिचं तसं नाही पर्वताबाई. ही गिळायची, सावकाश उतरते. आज घेतली तर आठवड्यानं कुठे..."

"सांगू नका. द्या."

मी नवीन पाकिटातली गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती जिभेवर ठेवली. पेलाभर पाणी प्याल्या, शेवटच्या घोटापर्यंत. मग पेला खाली ठेवला, माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या, तोंड उघडलं, आणि मी न सांगता जीभ वर केली.

मी टॉर्च घेतला. वाकले. या वेळी मी खूप वेळ पाहत राहिले.

जिभेखाली काही नव्हतं.

"खोडू नका," जीभ खाली करून त्या म्हणाल्या. "माहाही, अन् त्यायचाही."

शाई.

पर्वता देवराव उरकुडे. २०४/११८. गोळी दिली. गिळलेली पाहिली.

देवराव उरकुडे. सव्वानऊ, १९०/११०. अकरा वाजता, ८०. एक घरी, एक इथे. दोन्ही इथल्याच. दुसरी मी दिली. विचारलं नाही.